मागे पडणाऱ्या बालकाची पारख : चाचणी आणि शिक्षकाची नोंदवही

(जव्हार व मोखाडा तालुक्यांतील प्राथमिक शिक्षकांसाठी भाषण)



जव्हार आणि मोखाडा या डोंगराळ तालुक्यांतील बहुतेक शाळांत एखादे तरी मूल असे आढळते, की ज्याचे नाव हजेरीपटावर असते, परंतु वर्गाच्या प्रगतीत ते कोठेच नसते. विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ते देत नाही. दिलेले काम पुरे करीत नाही. कधी ते क्षणभर एका जागी बसत नाही, तर कधी जागचे हलतच नाही. हळूहळू त्याच्याविषयी वर्गात एखादा शब्द रूढ होतो. 'मठ्ठ', 'अर्धवट', 'खुळा' यांपैकी कोणता तरी. हा शब्द एकदा चिकटला, म्हणजे मूल पुढच्या इयत्तेत पोहोचण्यापूर्वीच तो शब्द तेथे जाऊन पोहोचतो आणि नवा शिक्षक मुलाकडे त्या शब्दाच्या चष्म्यातून पाहू लागतो.

अशा बालकाची समजशक्ती किती आहे आणि त्याचे वर्तन असे का आहे, याची नीट पारख करणे हे आजच्या विवेचनाचे प्रयोजन होय. ही पारख दोन प्रकारांनी चुकते. घरची बोली वेगळी, कानाने कमी ऐकू येते, अंगात रक्त कमी, किंवा वर्षातील निम्मे दिवस आईबापांबरोबर वीटभट्टीवर गेलेले, अशा कारणांनी मागे पडलेल्या मुलास मंदबुद्धी ठरविणे, ही पहिली चूक. ज्याच्या मेंदूच्या विकासातच खरी अडचण आहे अशा मुलास 'रानातली मुले अशीच असावयाची' असे म्हणून सोडून देणे, ही दुसरी चूक. पहिल्या चुकीने शहाणे मूल शिक्षणास मुकते. दुसऱ्या चुकीने गरजू मूल उपचारास आणि कायद्याने दिलेल्या हक्कास मुकते. दोन्ही चुका टाळावयाच्या, तर तज्ज्ञाच्या चाचणीइतकेच महत्त्व शिक्षकाने प्रत्यक्ष पाहून केलेल्या नोंदीस दिले पाहिजे. तज्ज्ञ मुलास तासभर पाहतो. शिक्षक त्यास वर्षभर पाहतो.

बुद्धिमापनाचा उगम

बुद्धिमापनाची कसोटी प्रथम कोणत्या हेतूने निघाली, हे ध्यानात घेणे उद्बोधक आहे. फ्रान्समध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे झाल्यानंतर काही मुले वर्गाबरोबर चालू शकत नाहीत, असे दिसून आले. अशा मुलांचा विचार करण्यासाठी तेथील सरकारने १९०४ साली एक समिती नेमली. त्या कामातूनच आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमॉन यांनी १९०५ साली पहिली कसोटी तयार केली. ज्यास अधिक साहाय्याची आवश्यकता आहे ते मूल ओळखावे, एवढाच तिचा हेतू होता. बुद्धी ही जन्मतःच कायमची ठरून गेलेली वस्तू आहे, हे मत बिने यांना मान्य नव्हते. लक्ष, स्मरण आणि विचार यांचा सराव देऊन मागे पडलेल्या मुलास पुढे आणता येते, असे त्यांचे प्रतिपादन होते आणि त्यासाठी त्यांनी व्यायामासारखे पाठही सुचविले होते. पुढे त्या कसोटीचे आकडे राहिले. पाठ मात्र मागे पडले.

अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात लुईस टर्मन यांनी १९१६ साली या कसोटीची सुधारलेली आवृत्ती काढली. आपल्याकडे तत्कालीन मुंबई इलाख्यात डॉ. वि. वि. कामत यांनी मराठी आणि कानडी बोलणाऱ्या मुलांसाठी तिचे रूपांतर केले. हे काम १९३० नंतरच्या दशकातले. 'बिने-कामत कसोटी' या नावाने ती आजही अनेक रुग्णालयांत वापरली जाते. नागपूर येथे डॉ. मालिन यांनी मुलांच्या बुद्धिमापनाची आणि सामाजिक परिपक्वतेची साधने भारतीय परिस्थितीस अनुरूप करून घेतली. बडोद्यास प्रमिला फाटक यांनी माणसाचे चित्र काढावयास लावून बुद्धी अजमाविण्याच्या कसोटीचे भारतीय रूप सिद्ध केले. या सर्वांचे परिश्रम मोठे आहेत. तथापि कोणतीही कसोटी ज्या मुलांवरून बेतली गेली, त्या मुलांच्या जीवनाचा ठसा तिच्यावर उमटतोच. काळ बदलला म्हणजे तिची मानकेही जुनी होतात. म्हणून प्रत्येक गुणांकाच्या मागे 'कोणत्या मुलांच्या तुलनेने?' हा प्रश्न उभा असतो.

कसोटी आणि डोंगरातले मूल

१९१६ च्या स्टॅनफर्ड कसोटीत सहा वर्षांच्या मुलास विचारावयाचा एक प्रश्न असा होता : कोठे जावयास निघाल्यावर गाडी चुकली, तर काय करावे? उत्तर अपेक्षित होते, की पुढच्या गाडीची वाट पाहावी. जव्हार व मोखाडा तालुक्यांत आगगाडी नाही. आगगाडीच्या जागी एस. टी. घातली, तरी आडबाजूच्या पाड्यावरील मूल सहज सांगेल, की पायी निघावे. त्याच्या जगात हे उत्तर पूर्णपणे शहाणपणाचे आहे. कारण पुढची गाडी येईपर्यंत ते घरी पोहोचलेले असते. गुण मात्र मिळणार नाही.

चित्राच्या कसोटीचेही तसेच आहे. १९२६ साली फ्लॉरेन्स गुडइनफ यांनी मांडलेल्या या कसोटीत माणसाच्या चित्रात मान, बोटे, कपडे इत्यादी तपशील किती आहेत यावर गुण दिले जातात. आता या जिल्ह्यातील वारली घरांच्या भिंतींवरील माणूस आठवावा. टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर एक वर्तुळ आणि काड्यांसारखे हातपाय. तपशील थोडे, परंतु तो माणूस नाचतो, भात लावतो, मासे धरतो. अशा रेषा पाहत वाढलेल्या मुलाने तसाच माणूस काढला आणि परीक्षकाने डोळे मिटून गुण मोजले, तर ते मूल वयाने लहान ठरेल.

याच जिल्ह्यातील डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा मशे यांचे उदाहरण येथे आठवण्यासारखे आहे. बालपणी आई वारल्यानंतर त्यांनी बोलणे सोडले होते आणि मातीत चित्रे काढून ते आपल्या मनातले सांगत असत, असे त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते निवर्तले. न बोलणाऱ्या त्या मुलाची परीक्षा केवळ तोंडी प्रश्नांनी घेतली असती, तर काय निष्कर्ष निघाला असता, याचा प्रत्येकाने विचार करावा. न बोलणारे प्रत्येक मूल चित्रकार होईल, असा याचा अर्थ नाही. मुलाने बोलावे कसे, हे परीक्षकानेच आधी ठरवून ठेवू नये, एवढाच याचा बोध.

रॉबर्ट सर्पेल या मानसशास्त्रज्ञाने आफ्रिकेतील झांबिया देशात लुसाका येथे आणि इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे मुलांची तुलना केली. तिचे निष्कर्ष १९७९ साली प्रसिद्ध झाले. नमुना पाहून तशीच आकृती करावयाची होती. कागद-पेन्सिलीने इंग्लंडची मुले सरस ठरली. तारेची आकृती करण्यात झांबियाची मुले सरस ठरली. कारण तारेची खेळणी बनविणे हा त्यांचा नित्याचा खेळ होता. मातीच्या कामात दोन्ही सारखीच ठरली. साधन बदलताच 'हुशार' कोण याचे उत्तर बदलले. शिक्षकाने यावरून एवढा नियम बांधून घ्यावा, की मुलाच्या हाताला सरावाचे साधन दिल्याशिवाय त्याच्या बुद्धीविषयी मत बनवू नये. पेन्सिलीने न जमलेली गोष्ट चिंचोक्यांनी, काडीने किंवा मातीने जमते का, हे पाहावे.

बोलीचा विचार तर सर्वांआधी केला पाहिजे. वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर, कोळी अशा निरनिराळ्या समाजांची मुले एका वर्गात बसतात. त्यांतील कित्येकांच्या घरचे बोलणे पुस्तकातील मराठीहून निराळे असते. पहिलीत आलेले मूल गप्प बसते, तेव्हा ते प्रश्न समजून गप्प आहे की प्रश्नच न समजून, हे कळावयास हवे. त्यासाठी तोच प्रश्न त्याच्या बोलीत, अंगणवाडीच्या ताईंकडून किंवा वरच्या वर्गातील त्याच पाड्याच्या मुलाकडून विचारवून घ्यावा. बोली बदलताच मूल बोलू लागले, तर उणीव त्याच्या बुद्धीत नव्हती, हे सिद्ध झाले.

व्याख्येच्या दोन बाजू

बौद्धिक अक्षमता ठरविण्यास बुद्ध्यंक कमी असणे पुरेसे नाही. समजशक्ती वयाच्या मानाने बरीच कमी असणे ही एक बाजू, आणि जेवणे, कपडे घालणे, निरोप सांगणे, धोका ओळखणे, व्यवहार करणे अशा नित्याच्या जीवनातही मूल आपल्या समवयस्कांच्या मागे असणे ही दुसरी बाजू. दोन्ही असतील आणि त्या बालपणापासून असतील, तरच ही संज्ञा लावता येते. अमेरिकेत १९६९-७० च्या सुमारास एका सरकारी समितीने 'सहा तासांचे मंद मूल' असा शब्दप्रयोग केला होता. शाळेच्या सहा तासांत मंद ठरणारी आणि शाळा सुटल्यावर घरी व गल्लीत इतरांसारखीच चतुराईने वागणारी ही मुले होती. त्यांपैकी बहुतेक गरीब व अल्पसंख्य समाजांतील होती.

असे मूल मोखाड्यातही असू शकते. समजा, तिसरीतील एका मुलास दोन अंकी बेरीज येत नाही. परंतु संध्याकाळी शेळ्या परतल्या, म्हणजे कोणती शेळी आली नाही हे तो न मोजता सांगतो. ओढ्यात खेकडे कोठे सापडतात, पाऊस वाढला म्हणजे कोणत्या वाटेने यावयाचे, धाकट्या बहिणीस ताप आला तर कोणाकडे जावयाचे, हे सारे त्यास ठाऊक आहे. या मुलाच्या नोंदीत 'बेरीज येत नाही' एवढेच लिहिले, तर ती नोंद अर्धी होय, आणि अर्ध्या नोंदीवरून निघालेला निष्कर्ष पूर्ण चुकीचा असू शकतो. उलट एखादी आठ वर्षांची मुलगी शाळेतही मागे आहे, पाड्यावरही तिला एकटी विहिरीवर सोडता येत नाही, आणि तिच्याहून तीन वर्षांनी लहान असलेल्या भावाबरोबरच ती खेळते, असे आढळले, तर तिच्याबाबत विलंब न करता पुढील तपासणी करून घेतली पाहिजे.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आरंभिलेले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर वाढविलेले कार्य याच जिल्ह्यातले. मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी. ती गुरे चारावयास जातात, तर कुरणावर न्यावी, असा त्यांचा मार्ग होता. अंगणवाडी आणि कुरणशाळा या कल्पना त्यातूनच आल्या. शिकविण्यासाठी जे खरे, तेच पारख करण्यासाठीही खरे आहे. मूल जेथे सहजपणे वागते, तेथे जाऊन त्यास पाहिले पाहिजे.

आधी कान, डोळे आणि प्रकृती

बुद्धीचा विचार करण्यापूर्वी शरीराचा विचार करावा. कान वाहणे हा लहान मुलांतील फार आढळणारा विकार आहे, आणि त्यामुळे ऐकणे मंदावते. असे मूल कधी ऐकते, कधी ऐकत नाही, आणि शिक्षकास ते हट्टी किंवा दुर्लक्ष करणारे वाटते. त्याच्या पाठीमागे उभे राहून हळू आवाजात नाव घ्यावे. दोन्ही बाजूंनी आणि दोनतीन दिवस असे करून पाहावे. फळ्यावरील अक्षर मागून दिसते का, पुस्तक डोळ्यांजवळ धरावे लागते का, हे पाहावे. मूल मध्येच काही क्षण टक लावून थांबते व पुन्हा भानावर येते, असे वारंवार घडत असेल, तर ते आळसाचे लक्षण न मानता आकडीचा एक प्रकार असण्याची शक्यता ध्यानात घ्यावी व ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवावे.

पोषणाचा प्रश्न या तालुक्यांस नवा नाही. जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथील १९९२-९३ चे बालमृत्यू महाराष्ट्र विसरलेला नाही. जी मुले मरत नाहीत, परंतु दीर्घकाळ अर्धपोटी राहतात, त्यांच्या लक्षावर, स्मरणावर व उत्साहावर परिणाम होतो. रक्तक्षय आणि आयोडिनाची उणीव ही बुद्धीच्या वाढीस अडथळा करणारी, परंतु टाळता येण्याजोगी कारणे आहेत. जमैका बेटावर किंग्स्टन शहरातील खुरटलेल्या लहान मुलांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले. काही मुलांना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आठवड्यास एकदा कार्यकर्ती जाऊन आईस मुलाशी खेळण्याचे व बोलण्याचे प्रकार दाखवीत असे. काहींना दोन्ही मिळाले. आहाराने प्रगती झाली, खेळाने प्रगती झाली, आणि दोन्हींनी सर्वांत अधिक झाली. याचा अर्थ असा, की उपासमारीने मागे पडलेल्या मुलाचे आजचे गुण हे त्याचे भवितव्य नव्हे. केवळ खिचडी वाढून शिक्षकाचे काम संपत नाही, हाही याचा अर्थ आहे.

शिकवून पाहणे

मुलास काय येते, हे विचारण्याऐवजी ते कसे शिकते, हे पाहणे अधिक उपयुक्त असते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह विगॉट्स्की यांनी ही दृष्टी मांडली. मूल आज दुसऱ्याच्या साहाय्याने जे करू शकते, ते उद्या एकट्याने करू शकेल. म्हणून साहाय्याने किती पुढे जाते, हेही मोजले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. ग्रामीण शिक्षकास ही पद्धत सहज वापरता येते.

उदाहरणार्थ, जमिनीवर एक चिंचोका, दोन खडे, एक चिंचोका, दोन खडे अशी ओळ मांडावी व मुलास ती पुढे चालवावयास सांगावे. न जमल्यास न बोलता करून दाखवावे. तरीही न जमल्यास त्याचा हात धरून करवून घ्यावे. किती वेळा दाखवावे लागले, ते लिहावे. दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा द्यावे. तिसऱ्या दिवशी चिंचोक्यांऐवजी पाने व काड्या द्याव्यात. आठवड्याने पुन्हा पाहावे.

यातून जे दिसते ते बोलके असते. केवळ बोलीमुळे किंवा गैरहजेरीमुळे मागे असलेले मूल एकदोनदा पाहून उचलते आणि नव्या साधनांवरही तेच करते. ऐकू न येणारे मूल सांगून चुकते, परंतु दाखवून बरोबर करते. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलास अनेक वेळा दाखवावे लागते, मध्ये खंड पडल्यास ते विसरते, आणि साधन बदलले म्हणजे त्यास पुन्हा आरंभापासून सांगावे लागते. अध्ययन अक्षमता असलेले मूल असली कामे व तोंडी हिशेब चांगले करते. त्याची अडचण मुख्यतः अक्षर वाचण्यात, लिहिण्यात किंवा अंकांत असते. अतिचंचल मूल काम समजते, आरंभही करते, परंतु मध्येच सोडते. आणि असे शाळेत व घरी दोन्हीकडे होते. स्वमग्न मूल कदाचित सर्वांपेक्षा सुबक ओळ मांडील, परंतु ती कोणास दाखविण्यासाठी मान वर करणार नाही.

या केवळ दिशा आहेत. एकाच मुलात दोन अडचणी असू शकतात. शिक्षकाने निदान करावयाचे नाही; निदान करणाऱ्याच्या हाती विश्वसनीय माहिती द्यावयाची आहे.

वर्तनाची नोंद

वर्तनाविषयी लिहिताना विशेषण टाळावे आणि घटना लिहावी. 'बेशिस्त, रोज भांडतो' या नोंदीतून काहीच कळत नाही. त्याऐवजी अशी नोंद असावी : 'मंगळवार. मधल्या सुट्टीची घंटा झाली. सर्व मुले एकदम ओरडत उठली. त्याने दोन्ही कान झाकले, शेजारच्यास ढकलले व कोपऱ्यात जाऊन बसला. मुले बाहेर गेल्यावर थोड्या वेळाने आपण होऊन उठला.' आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय झाले, या तीन गोष्टी लिहिल्या, की अशा पाचसात नोंदींनंतर कारण आपोआप दिसू लागते. येथे कारण भांडखोरपणा नसून मोठा आवाज सहन न होणे हे असावे, असा तर्क करता येतो. घंटा होण्याआधी त्या मुलास बाहेर पाठवून तो पडताळूनही पाहता येतो.

स्वमग्नतेच्या बाबतीत एक सावधगिरी आवश्यक आहे. 'डोळ्यास डोळा देत नाही' हे तिचे एक लक्षण सांगतात. परंतु वडीलधाऱ्यांपुढे खाली पाहणे हे अनेक घरांत चांगल्या वळणाचे समजले जाते. गुरुजींपुढे मान खाली घालणाऱ्या मुलास त्यावरून स्वमग्न म्हणणे अन्यायाचे होईल. ते आईजवळ व सवंगड्यांत कसे वागते, ते पाहावे. हाक मारल्यास वळते का, नवल वाटलेली वस्तू बोटाने दुसऱ्यास दाखविते का, दुसऱ्याचे अनुकरण करते का, दगडाची गाडी व पानाची भाकरी असा लटका खेळ खेळते का, हे प्रश्न अधिक खात्रीचे आहेत. तज्ज्ञांसाठी सिकंदराबाद येथील राष्ट्रीय संस्थेने २००९ साली स्वमग्नतेच्या मोजणीचे ४० मुद्द्यांचे भारतीय साधन तयार केले आहे. ते भरताना पालकांचे सांगणे आणि प्रत्यक्ष निरीक्षण या दोहोंचा आधार घेतला जातो.

घरची चौकशी

पाड्यावर जाऊन मुलाच्या आईस भेटावे. 'बाई, मूल कितव्या महिन्यात चालले?' असे विचारल्यास उत्तर बहुधा मिळत नाही. तेथील कालगणना सणांची व शेतीची आहे. 'पोर जन्मले तेव्हा भाताची कापणी चालू होती का? मग पुढच्या होळीला बसत होते का? वाघबारशीला धरून उभे राहत होते का? दुसऱ्या नागलीच्या लावणीला चालत होते का?' असे विचारले, म्हणजे माता अचूक सांगते. थोरल्या भावंडाशी तुलना करण्यास सांगितले, तर आणखी स्पष्ट होते. दीड वर्ष उलटूनही न चालणे आणि दोन वर्षे उलटूनही दोन शब्द जोडून न बोलणे, ही चौकशीस योग्य अशी लक्षणे होत. जन्मल्यावर रडावयास उशीर झाला का, तापात किंवा तापावाचून झटके आले का, येत असलेले बोलणे नाहीसे झाले का, हेही विचारावे. आलेले कौशल्य गेले असेल, तर एक दिवसही थांबू नये.

कुटुंबाने यापूर्वी भगताकडे नेले असल्यास त्यावरून उपहास करू नये. आईबापांनी काही तरी केले, याचा अर्थ त्यांना काळजी आहे. त्याच काळजीस दवाखान्याची वाट दाखवावयाची आहे. 'तुमचे पोर वेडे आहे' असे सांगणारा गुरुजी पुन्हा त्या दारात जाऊ शकत नाही. 'काका, पोराला अमुक गोष्टी येतात, अमुक अजून येत नाहीत. डॉक्टरांना दाखवू या' असे सांगणारा जाऊ शकतो.

पुढे कोणाकडे

शासनाची व्यवस्था या जिल्ह्यास परिचित असावी. कारण राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभच ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाला. त्या वेळी पालघर ठाणे जिल्ह्यात होते. स्वतंत्र जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी झाला. जन्मतः असलेले दोष, आजार, पोषणाच्या उणिवा आणि विकासातील विलंब व दिव्यांगत्व यांसाठी जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी त्यात अभिप्रेत आहे. वैद्यकीय पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा यावे, अशी योजना आहे. पथकाच्या दिवशी सर्व वर्गाची तपासणी थोड्या वेळात व्हावयाची असते. त्या वेळी शिक्षकाने दोन पानांची नोंद हाती ठेवली, तर नेमके मूल नजरेतून सुटत नाही. पथकास अवकाश असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र, मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय किंवा जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय येथे मुलास दाखवावे आणि गट साधन केंद्रातील विशेष शिक्षकास कळवावे. शाळांसाठी राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेची 'प्रशस्त' नावाची तपासणी सूची २०२२ पासून मोबाइलवरही उपलब्ध झाली. तिचा पहिला भाग वर्गशिक्षकाने भरावयाचा असतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ साली झाला. त्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे मानली असून बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांचा त्यांत समावेश आहे. दिव्यांगत्व ४० टक्के वा अधिक असल्याचे प्रमाणित झालेल्या सहा ते अठरा वर्षांच्या बालकास जवळच्या शाळेत किंवा त्याच्या इच्छेनुसार विशेष शाळेत विनामूल्य शिक्षणाचा हक्क आहे. अध्ययन अक्षमतेसाठी तिसरी इयत्ता किंवा आठ वर्षे, यांपैकी जे आधी येईल त्या वेळी शिक्षकांनी प्राथमिक चाळणी करावी, असे केंद्र शासनाच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितले होते. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याबाबत ही चाळणी विशेष काळजीने केली पाहिजे. ज्यास वाचावयास पुरेसे शिकविलेच गेले नाही, त्यास वाचनाची अक्षमता आहे असे म्हणता येत नाही.

स्थलांतराने ही सर्व साखळी तुटते. दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर गेले, की तपासणीची तारीख निघून जाते. यास्तव भाताची कापणी होण्यापूर्वीच संशयित मुलांची नोंद पुरी करून त्यांना दाखवून आणावे, आणि जाणाऱ्या मुलाच्या शिक्षण हमी पत्रकाबरोबर नोंदीची एक प्रत द्यावी. परतल्यावर मूल जे विसरले असेल, ते किती दिवसांत पुन्हा मिळविते, हीदेखील एक महत्त्वाची नोंद आहे.

महिन्याचा क्रम

ज्यांना आरंभ कोठून करावा असा प्रश्न पडेल, त्यांच्यासाठी एक सुलभ क्रम असा आहे. पहिल्या आठवड्यात कान, डोळे, वजन व हजेरी पाहावी. दुसऱ्या आठवड्यात मूल मैदानावर, जेवणाच्या पंगतीत व पाड्यावर काय काय करू शकते, ते लिहावे. तिसऱ्या आठवड्यात एक नवी गोष्ट शिकवून पाहावी. चौथ्या आठवड्यात ती स्मरणात राहिली का ते पाहून घरी भेट द्यावी. प्रत्येक नोंदीस दिनांक असावा, आणि प्रत्येक पानावर मुलास येणारी निदान एक गोष्ट लिहिलेली असावी. ही वही वर्गात उघडी टाकू नये; तीत एका कुटुंबाचे दुःख लिहिलेले असते.

तपासणीचा निष्कर्ष काहीही येवो, दुसऱ्या दिवशी सकाळी ते मूल पुन्हा त्याच वर्गात येणार आहे. बुद्ध्यंकाचा आकडा दाखल्यासाठी उपयोगी पडेल. उद्या काय शिकवावयाचे, हे मात्र त्या आकड्यात लिहिलेले नसते. त्यास कोणत्या बोलीत सांगितले तर कळते, किती वेळा दाखवावे लागते, कशाची भीती वाटते आणि कशात मन रमते, हे शिक्षकाच्या वहीतच सापडेल. ती वही ज्या शाळेत प्रामाणिकपणे ठेवली जाईल, त्या शाळेत 'मठ्ठ' या शब्दाची गरज कोणास वाटणार नाही.